अचूकता शून्य टक्के

मी तेवीस वर्षं चुका गोळा केल्या आणि चार दिवसांत त्या सगळ्या दुरुस्त करून टाकल्या. शाल-श्रीफळ मिळालं ते या दुसऱ्या कामाबद्दल. तेव्हापासून कुणी शाल घेऊन पुढं आलं की मी आधी विचारते, नक्की कशासाठी हो?

मी वैजयंता पोवार. गारगोटीच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला आमची कडेवाडी, तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आसपासच्या अकरा शाळा मिळून आमचं एक केंद्र आहे. दर महिन्याला कुठल्या तरी एका शाळेत सगळे शिक्षक जमतात, त्याला शिक्षण परिषद म्हणतात. नाव भारदस्त, पण २०१७ पर्यंत तिथं व्हायचं काय? परिपत्रकं वाचायची, पोहे खायचे, चहा प्यायचा आणि मोटरसायकलला किक मारायची.

मग खालच्या वाडीच्या शाळेतले मुल्लाणी सर एकदा उठून म्हणाले, "पुढच्या खेपेपासून कुणी रिकाम्या हातानं यायचं नाही. प्रत्येकानं एक चूक आणायची. पोरानं केलेली, खरी. आणि त्या पोराला विचारायचं, बाळा, असं का केलंस? ते जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून आणायचं. हसायचं नाही आणि लाल पेन लावायचं नाही."

आम्ही हसलोच. पण पुढच्या महिन्यात मी एक चूक नेली. अर्धा अधिक एक तृतीयांश, उत्तर दोन पंचमांश. वरचे आकडे मिळवले, खालचे मिळवले, झालं. ही चूक तर जगभरची पोरं करतात. पण मी विचारलं तेव्हा माझ्या वर्गातली पोरगी म्हणाली, "बाई, आमच्या घरी दोघांतला एक पास झाला. काकाच्या घरी तिघांतला एक पास झाला. म्हणजे पाचजणांत दोघं पास की!" तिनं जे गणित सोडवलं होतं ते बरोबरच होतं. फक्त मी घातलेलं गणित ते नव्हतं.

त्या दिवसापासून मला नादच लागला. सगळ्यांनाच लागला. महिन्याला चाळीसेक चुका जमू लागल्या, मग बाहेरच्या तालुक्यांतून येऊ लागल्या. मुल्लाणी सरांनी एक साइट काढली, 'चुकतंय कुठं' नावाची. गडचिरोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतचे शिक्षक उद्याचा तास घ्यायच्या आधी ती उघडून बघायचे, आपली पोरं कुठं अडणार आहेत ते. कागद स्कॅन करून आम्ही रद्दीत घालायचो. २०४० उजाडला तेव्हा साइटवर अकरा हजार चारशे बारा चुका होत्या. दुसरं कुणी एवढ्या जमवल्या असतील तर त्यांनी समोर यावं.

आता माझ्या लेकीची गोष्ट. ईश्वरी माझी एकुलती एक. चौथीपर्यंत माझ्याच शाळेत शिकली आणि पुढं पुण्याला जाऊन संगणकातली मोठी इंजिनिअर झाली. ज्या गटानं 'सोबती' बनवला, त्या गटात ती आहे. सोबती काय आहे ते तिनं मला दिवाळीच्या सुट्टीत अंगणात खडूनं काढून समजावलं होतं.

"आई, तू आमच्यासाठी नेटवर काही शोधायचीस तेव्हा काय टाकायचीस?"

"अपूर्णांक बेरीज सोपी पद्धत," मी म्हटलं.

"आणि काय यायचं?"

"लाखभर धडे यायचे. त्यातले निम्मे भंपक. उरलेल्यांतला माझ्या पोरांना कुठला चालेल ते बघण्यात रविवार जायचा."

"आता चाळीस कोटी आहेत. बहुतेक यंत्रांनीच लिहिलेले. आणि पोरानं स्वतः शोधायचं म्हटलं तर ते शब्द काय टाकणार? आपल्याला काय अडलंय हेच ज्याला कळत नाही, त्याला ते शोधता कसं येईल?"

म्हणूनच सोबती शब्द विचारत नाही. हल्ली प्रत्येक पोराला शाळेतून एक इलेक्ट्रॉनिक पाटी मिळते. पोर तिच्यावर गणित सोडवताना पेन कुठं थबकलं, कुठला आकडा आधी आला, काय खोडलं, हे सगळं सोबती बघत असतो. त्यावरून पोराच्या डोक्यात कुठला नियम चाललाय याचा तो अंदाज बांधतो. ईश्वरीनं फरशीवर ठिपके काढले. प्रत्येक ठिपका म्हणजे नेटवरचा एक धडा, खेळ किंवा चित्रफीत. एकमेकांसारखे धडे जवळजवळ, वेगळे लांब. मग तिनं मध्येच एक फुली मारली. ही फुली म्हणजे पोर. पोराच्या अगदी पुढ्यातला, एका पावलावरचा ठिपका शोधून द्यायचा, एवढंच सोबतीचं काम. दहा पावलांवरचा दिला तर पोर घाबरतं, आणि पायाखालचाच दिला तर कंटाळतं.

"आणि शिक्षकांना?" मी विचारलं.

"शिक्षकांना सकाळीच कळणार, आज वर्गातली कोण कुठं उभी आहेत आणि कुणाला कुठला धडा लावायचा."

मी त्या ठिपक्यांकडे बघत बसले. मी तेवीस वर्षं जे हातानं करत होते ते माझी पोरगी सगळ्या महाराष्ट्रासाठी करत होती. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. खडूची धूळ गेली, असं मी तिला म्हणाले.

जूनमध्ये तिचा फोन आला. आवाज जरा दबका होता.

"आई, शाळांच्या पाट्यांवर कुठल्या साइट दिसू द्यायच्या याची यादी निवड समितीनं केलीय. चुकीचे धडे फार झालेत ना, म्हणून अट घातलीय, मजकूर अठ्ठ्याण्णव टक्के अचूक पाहिजे. आमच्या यंत्रानं सगळ्या साइट तपासल्या. 'चुकतंय कुठं' बाद झाली."

"का म्हणे? किती टक्के आली?"

तिनं उलट मलाच विचारलं, जेवलीस का?

"सांग की!"

"शून्य टक्के, आई."

शून्य! माझं टाळकंच सरकलं. बत्तीस वर्षं मी गणित शिकवतेय. माझ्या हाताखालून गेलेली पोरं बँकेत आहेत, इस्रोत आहेत, आणि माझ्या कामाला माझ्याच पोरीचं यंत्र भोपळा देतंय! ती पुढं काहीतरी सांगत होती, की मी समितीशी बोलतेय, थोडं थांब, वेगळा वर्ग करता येईल का बघते. पण ऐकतंय कोण? मी फोन ठेवला आणि परिपत्रक उघडलं. त्यात लिहिलं होतं, बाद झालेला मजकूर दुरुस्त करून पंधरा दिवसांत पुन्हा सादर करता येईल.

दाखवतेच म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी मी केंद्रातल्या चौतीस शिक्षकांना बोलावलं आणि अकरा हजार चुका वाटून दिल्या. प्रत्येकाच्या वाट्याला साडेतीनशेच्या आसपास आल्या. मुल्लाणी सर तेव्हा निवृत्त झालेले होते, तरी आले होते. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोवार बाई, दुरुस्त केल्यावर ती चूक कुठं राहिली?"

"सर, साइटच राहिली नाही तर काय राहिलं?" मी म्हटलं.

ते आपल्या जागेवर जाऊन बसले. माझ्याशी वाद घालणं सोपं नाही, हे त्यांना माहीत आहे.

आणि खरं सांगू? मजा आली आम्हाला. गुरुजी लोकांना तेवीस वर्षं कुणी लाल पेन लावू दिलं नव्हतं. त्या चार दिवसांत आम्ही असे सुटलो की विचारू नका. पायऱ्या नीट मांडल्या, उत्तरांना चौकटी केल्या, एककं लिहिली. पोरांची कारणं तर उगाच गबाळी दिसत होती, ती काढून टाकली. चौथ्या दिवशी दुपारी मी शेवटचं पान चढवलं. साइटच्या सर्व्हरवर जुनी प्रत पुसून नवी बसायची, ती बसली. आमची एवढीशी साइट दुसरं कुणी कशाला जपून ठेवतंय?

आठवड्यात निकाल आला. अचूकता शंभर टक्के. तालुक्याला सत्कार झाला, शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि साहेबांनी माझं नाव दोनदा घेतलं. मी फोटो ईश्वरीला पाठवला. तिनं अंगठा पाठवला. ती कामात होती.

महिन्याभरानं, शाळेच्या मधल्या सुट्टीत तिचा फोन आला.

"आई, साइट उघडलीय मी. चुका कुठं गेल्या?"

"केल्या की दुरुस्त! शंभर टक्के आले, फोटो बघितलास ना?"

मग तिनं सावकाश सांगितलं. डोंगरातल्या चाळीस शाळांत सोबतीची चाचणी चालू होती आणि सोबती तोंडावर आपटत होता. दहातल्या तीन पोरांनाच नीट धडा मिळत होता, बाकीची गोल गोल फिरत होती. कारण काय, तर पोराच्या डोक्यात कुठला नियम चाललाय हे ओळखायला सोबतीनं आधी लाखो चुका बघाव्या लागतात. नेटवर सगळीकडे बरोबर गणितंच पडलेली. मग चुका आणायच्या कुठून? तर त्या दुसऱ्या यंत्राकडून बनवून घेतल्या होत्या. ते यंत्र काय करतं, हातचा विसरतं, एखादा आकडा इकडचा तिकडे करतं. पण पोरं अशी नुसती घसरत नाहीत. त्यांचं काहीतरी म्हणणं असतं, आणि ते म्हणणं यंत्राला सुचत नाही.

"मी माझ्या प्रमुखांना सांगितलं," ईश्वरी म्हणाली, "की माझ्या आईकडे अकरा हजार खऱ्या चुका आहेत, कारणांसकट. जगात कुणाकडे नाहीत, असं छातीठोक सांगितलं. त्यांनी माझ्या शब्दावर समितीकडून मुदत मागून घेतली. चोवीस दिवसांनी समिती गगनबावड्याकडच्या एका शाळेत येऊन बघणार. नाही जमलं तर सोबती बंद, आणि पाट्यांवर नुसत्या सराव परीक्षा टाकणार."

माझ्या हातातला डबा तसाच राहिला.

"कुणी केलं, आई?"

"मी."

"का पण?"

"तू शून्य म्हणालीस म्हणून."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "बरं," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

मला माझा एवढा राग कधी आला नव्हता. दुसऱ्याला वाचवायचं म्हणून केलं असतं तर गोष्ट वेगळी. मी केलं ते नाक वर ठेवायला. आणि त्या नाकापायी माझ्या पोरीचा शब्द पडायची वेळ आणली.

परिषदेची तारीख लांब होती, मी सगळ्यांना त्याच शनिवारी शाळेत बोलावलं. उभी राहिले आणि झालं ते सगळं सांगून टाकलं. लपवण्यात अर्थ नव्हता. चौतीसजण सतरंजीवर माना घालून बसले. कुणीतरी म्हणालं, आता नवीन जमवू. पण चोवीस दिवसांत जमून जमून किती जमणार?

मुल्लाणी सर भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "बाई, तुमचा तो भागाकारातला आठवतो का हो? आठशे सोळाला आठनं भागून बारा काढणारा?"

"आठवतो की. एकशे दोन यायला पाहिजेत आणि हा मधलं शून्य खायचा," मी म्हटलं.

"काय म्हणाला होता तो?"

"म्हणाला, एकाला आठाचा भाग गेलाच नाही. काही घडलंच नाही तर लिहायचं काय?"

सर हसले. "बघा. पोराचं नाव मला सांगता येणार नाही. चूक मात्र पाठ आहे."

आणि मग सुरूच झालं. एकाला एक आठवली, तिच्यावरून दुसऱ्याला तीन. भोसले बाई उठून फळ्यावर लिहू लागल्या. अहो, शिक्षकाला पोर आठवतं ते त्याच्या चुकीवरून! कोण हुशार होतं ते विसरायला होतं. पण ज्यानं वर्तुळाचा परीघ दोऱ्यानं मोजायला दिला तेव्हा दोरा ताणून वर्तुळच चपटं केलं, तो कसा विसरेल? संध्याकाळपर्यंत फळा चार वेळा पुसून चार वेळा भरला. सहाशे अकरा चुका निघाल्या.

तरी सहाशे म्हणजे काहीच नाही. तेव्हा मुल्लाणी सरांनीच वाट काढली. "पोरं कुठं गेलीत? इथंच तर आहेत. बोलवा त्यांना."

आम्ही फोन लावले. व्हॉट्सॲपवर जुन्या बॅचचे गट असतातच, त्यावर टाकलं, 'आपापली चूक घेऊन रविवारी शाळेत या.' आणि आली की हो! दवाखान्यातली नर्स आली, डेअरीवर फॅट काढणारा आला, कोल्हापुरातनं फौंड्रीतले चौघं आले, एक वकीलही आला. तीस-पस्तीस वर्षांची माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे कोंबून बसली आणि पाटीवर आपापली चूक लिहू लागली. पाटी पेनाच्या हालचाली टिपत होती. काहींनी मदत करायची म्हणून नवीन चुका रचून आणल्या होत्या. मुल्लाणी सर त्या वाचायचे आणि परत द्यायचे. "ही तुझी नव्हे, बाबा. ही तू आज केलीस. तुझी आठवत नसेल तर चहा घे आणि बस." एकानंही वाईट वाटून घेतलं नाही.

विजेच्या कंपनीत वायरमन असलेला बाजीराव कांबळे आला तो भांडायच्याच तयारीनं. "बाई, तुम्ही पाचवीत मला चूक दिली होती. मी आजबी सांगतो, माझं बरोबर होतं."

"लिही बघू."

त्यानं लिहिलं, ४.५ अधिक ०.३ बरोबर ५.२.

"४.८ यायला पाहिजे, बाजीराव."

"कसं येईल, बाई? चार ओव्हर पाच बॉल झाले. अजून तीन बॉल टाकले. सहा बॉलची ओव्हर. म्हणजे पाच ओव्हर दोन बॉल. टीव्हीवर बी तसंच लिहितात. तुम्ही मॅच बघत नव्हता, त्याला मी काय करू?"

सगळी शाळा हसली. मीही हसले, पण दोन हात जोडूनच. वीस वर्षांनी त्याला त्याचं म्हणणं मांडायला मिळालं होतं.

तिसऱ्या रविवारी ईश्वरी पुण्याहून आली. आमचं त्या फोननंतर धड बोलणं झालं नव्हतं. ती आत आली, सगळ्यांना नमस्कार केला, आणि काही न बोलता एक पाटी घेऊन शेवटच्या बाकावर बसली. लिहून झाल्यावर पाटी माझ्यासमोर धरली.

पाच वाजून दहा मिनिटं वजा तीन वाजून चाळीस मिनिटं. उत्तर, एक तास सत्तर मिनिटं. तासाचा हातचा घेताना साठऐवजी शंभर घेतले की असं येतं. खाली कारण लिहिलं होतं, 'आई मीटिंगमध्ये असली की तासाला सत्तर मिनिटं असतात.'

मला ती दुपार लख्ख आठवली. ती तिसरीत होती. मी आत चुका गोळा करत बसलेली, आणि ही बाहेर ओट्यावर दप्तर मांडीवर घेऊन. मी बाहेर येऊन तिची वही बघितली, कारण विचारलं, तिनं हेच सांगितलं. अकरा हजारांत एवढी एकच चूक मी परिषदेत नेली नाही. बाईंच्या मुलीनं चुकवलं असं कुणी म्हणेल म्हणून नेली नाही, आणि ते कारण चारचौघांत वाचायची हिंमत नव्हती म्हणूनही नेली नाही.

"तुला आठवतंय?" मी म्हटलं.

"मला वाटलं होतं तू नेशील," ती म्हणाली. "मी वाट बघायची, माझी चूक साइटवर कधी येतेय. सगळ्यांच्या आल्या होत्या."

मी तिला जवळ घेतलं. भर शाळेत, सगळ्यांसमोर. तीही आली.

मग मात्र ती कामालाच लागली. बाजीरावची पाटी आणि स्वतःची पाटी तिनं शेजारी ठेवली आणि बघत बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "आई, हे दोघं एकमेकांची उलट चूक करतायत. त्यानं दहाच्या जागी सहा धरले. मी साठाच्या जागी शंभर धरले. मला जे कळत नव्हतं ते त्याला पाचवीत पक्कं ठाऊक होतं, आणि त्याला जे कळत नव्हतं ते मला."

"मग?"

"मग मला धडा कशाला द्यायचा? त्याची चूकच द्यायची!"

आम्हाला कुणाला काही कळलं नाही, म्हणून तिनं पुन्हा खडू घेतला. सोबती आजवर एवढंच विचारत होता, या पोराचं उत्तर कुठं चुकलं? आता तो विचारणार होता, असा कुठला प्रश्न आहे, ज्याला हे उत्तर बरोबर ठरेल? दोन पंचमांशाला पास-नापासांचा प्रश्न आहे. पाच पॉइंट दोनला ओव्हरींचा प्रश्न आहे. तो प्रश्न सापडला की पोर कुठं उभं आहे ते नेमकं कळतं, आणि मग त्याच्या उलट बाजूला उभं असलेलं दुसरं पोर शोधून दोघांची गाठ घालून द्यायची. चाळीस कोटी धडे आहेतच, ते त्यानंतर. तिनं लिहिता लिहिता खडूचे दोन तुकडे केले. मुल्लाणी सर मला हळूच म्हणाले, "बाई, पोरगी कुणाची आहे?" मी म्हटलं, "दिसत नाही होय?"

तीन रविवारांत दोन हजार तीनशे सहा चुका परत मिळाल्या. अकरा हजारांतल्या बाकीच्या गेल्याच, त्या माझ्यामुळे गेल्या. ईश्वरी म्हणाली, एवढ्या पुरतील. पुरतील की नाही ते तिलाही माहीत नव्हतं.

समिती आली त्या दिवशी आम्ही चौतीसजण, आणि पाठीमागं बाजीराव वगैरे मंडळी, असे गगनबावड्याकडच्या त्या शाळेच्या हॉलमध्ये दाटीवाटीनं उभे होतो. समितीच्या अध्यक्ष म्हणजे पांढऱ्या केसांच्या, कडक इस्त्रीच्या साडीतल्या बाई. त्यांनी पटावरचं एक नाव बोट ठेवून निवडलं. सहावीतली समिधा पुढं आली. पाटीवर गणित आलं, 'बस ३.४० ला सुटली आणि ५.१० ला पोहोचली. किती वेळ लागला?' समोर मोठ्या पडद्यावर तिची पाटी सगळ्यांना दिसत होती.

समिधानं लिहिलं, एक तास सत्तर मिनिटं.

ईश्वरी यंत्राशेजारी उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हे तिनं ठरवून आणलं नव्हतं, तिच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं.

सोबतीनं लाल फुली मारली नाही. त्यानं पडद्यावर लिहिलं, 'तुझ्याआधी एका मुलीनं असंच केलंय. ती म्हणाली होती,' आणि खाली ते कारण. समिधानं वाचलं आणि खुदकन हसली. "माझी आई अंगणवाडीत आहे," ती म्हणाली. "तिच्या मीटिंगला बी असंच."

मग सोबतीनं बाजीरावचं गणित दाखवलं, क्रिकेटच्या कारणासकट, आणि विचारलं, 'या मुलाचं कुठं चुकलं?'

समिधा बघत राहिली. "चुकलं कुठं?" ती म्हणाली. "ओव्हर सहा बॉलचीच असते." मग तिचं पेन आपल्या उत्तराकडे गेलं आणि थांबलं. "आणि तास साठाचा असतो. मी शंभराचा केला." तिनं सत्तर खोडलं. एक तास तीस मिनिटं. मग कुणी न सांगता ती वर बाजीरावच्या गणिताकडे गेली आणि म्हणाली, "पण हे जर ओव्हरचं नसलं, साधं गणित असलं, तर ह्यानं दहाचा केला पाहिजे होता."

"आता पटलं!" मागून बाजीराव मोठ्यानं ओरडला. "बाई, आता पटलं मला!"

मग आणखी अकरा पोरं झाली. दहाजण आपली चूक आपण दुरुस्त करून गेले. एक अडला, त्याची चूक सोबतीनं कधी बघितलेली नव्हती. अध्यक्षबाईंनी ती स्वतः कागदावर उतरवून घेतली आणि त्याला जवळ बसवून विचारलं, असं का केलंस, बाळा? तेव्हाच मला कळलं की जमलं.

त्यांनी शेजारच्या अधिकाऱ्यांना सांगितलं, "ती अठ्ठ्याण्णव टक्क्यांची अट या साइटला लावू नका. आजच तसा आदेश काढा." मग चष्मा काढून त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "ते सत्तर मिनिटांचं कारण परत लावा. हे कुणाचं आहे?"

ईश्वरी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी गर्दीतून पुढं झाले.

"माझं आहे, मॅडम. मी ती मीटिंगमधली आई. गणित पोरीनं केलं, पण चूक माझी होती, आणि सतरा वर्षं मी ती दडवून ठेवली."

अध्यक्षबाईंनी मला नीट निरखून पाहिलं. "आणि ती मुलगी?"

"ती काय, यंत्राजवळ उभी आहे," मी म्हटलं. "तिनंच बनवलंय ते."

आवाज जरा मोठाच लागला माझा. लागू दे. सगळ्या हॉलला ऐकू जावं म्हणूनच बोलले होते.